इलेक्ट्राचे बदलते चेहरे

‘इलेक्ट्रा: असॅसिन’ ही आठ भागांची चित्रकथा अमेरिकेतील मार्व्हल कंपनीच्या ‘एपिक कॉमिक्स’ या शाखेने प्रसिद्ध केली. ऑगस्ट १९८६ हा पहिल्या अंकाचा महिना, मार्च १९८७ हा शेवटच्या. लेखन फ्रँक मिलर यांचे, चित्रे बिल सिन्केविच यांची. पुढे आठही अंक एकत्र बांधून पुस्तक निघाले आणि आज ते ग्राफिक कादंबरी म्हणूनच वाचले जाते. निन्जाविद्या शिकलेली, सुपारी घेऊन खून करणारी एक ग्रीक तरुणी ही त्याची नायिका. विषय एवढाच ऐकला तर हाणामारीचे स्वस्त कॉमिक डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात मुख्य प्रवाहातल्या अमेरिकन प्रकाशकाने तोवर छापलेल्या सर्वांत विचित्र आणि धाडसी पुस्तकांपैकी हे एक आहे.

इलेक्ट्रा नॅचिओस हे पात्र मिलर यांनीच घडवले. १९७९ मध्ये ‘डेअरडेव्हिल’ या मार्व्हलच्या मासिकाची चित्रे काढायला त्यांनी सुरुवात केली तेव्हा ते ऐन विशीत होते आणि मासिकाचा खप घसरलेला होता. डेअरडेव्हिल म्हणजे मॅट मरडॉक, दिवसा वकिली करणारा आणि रात्री न्यूयॉर्कच्या गच्च्यांवरून गुंडांचा पाठलाग करणारा आंधळा नायक. जानेवारी १९८१ च्या १६८ व्या अंकापासून लेखनही मिलर यांच्याकडे आले, आणि त्याच अंकात त्यांनी इलेक्ट्राला आणले. ग्रीक राजदूताची मुलगी, मॅटची कॉलेजातली प्रेयसी. वडील डोळ्यांदेखत मारले जातात, ती देश सोडते आणि परतते ती पैसे घेऊन माणसे मारणारी होऊन. ग्रीक पुराणातली इलेक्ट्रा ही अगामेम्नॉनची मुलगी, बापाच्या खुनाचा सूड धरून बसलेली. ईस्किलस, सोफोक्लीज आणि युरिपिडीज या तिन्ही नाटककारांनी तिला रंगमंचावर आणले होते. मिलर यांनी नावाबरोबर तिचे दुःखही उचलले. सुडाच्या जागी मात्र एक थंड, धंदेवाईक क्रौर्य बसवले.

वाचकांना ती विलक्षण आवडली. तरी एप्रिल १९८२ च्या १८१ व्या अंकात बुल्सआय नावाच्या खुन्याने तिला तिच्याच शस्त्राने भोसकून मारले. ते शस्त्र म्हणजे साई. मधले पाते लांब, दोन्ही बाजूंना आखूड वळलेली टोके, आणि प्रत्येक हातात एक. साई हे ओकिनावा बेटावरच्या युद्धकलेतले हत्यार आहे. निन्जांच्या परंपरेशी त्याचा फारसा संबंध नाही. पण इलेक्ट्रामुळे ही जोडी लोकांच्या डोक्यात अशी पक्की बसली की आता ती मोडणे कठीण.

इतिहासातल्या निन्जांचे चित्र वेगळे आणि बरेच रुक्ष आहे. जपानमधील इगा आणि कोगा या डोंगराळ भागांतले हे लोक पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या यादवीत हेरगिरी, घुसखोरी, जाळपोळ अशी कामे करीत. १५८१ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराने इगा प्रांत चिरडला आणि त्यांचे स्वतंत्र अस्तित्व संपत गेले. १६७६ साली लिहिलेल्या ‘बान्सेनशुकाई’ या ग्रंथात स्त्रियांचा उपयोग करून घेण्याची एक युक्ती सांगितली आहे. पुरुष जिथे पोचू शकत नाही अशा घरात स्त्रीला शिरवायचे आणि तिच्याकरवी बातमी काढायची, असा त्याचा आशय. तलवार घेऊन छपरांवरून उड्या मारणारी स्त्री निन्जा तिथे नाही. ती विसाव्या शतकातल्या कादंबरीकारांनी, विशेषतः यामादा फुतारो यांच्यासारख्या लोकप्रिय लेखकांनी, आणि त्यांच्यामागून चित्रपट व मांगा चित्रकथांनी घडवली. १९८० च्या सुमारास ही लाट अमेरिकेत पोचली. एरिक व्हॅन लस्टबेडर यांची ‘द निन्जा’ ही कादंबरी १९८० ची, ‘एंटर द निन्जा’ हा चित्रपट १९८१ चा. मिलर यांनी कोइके आणि कोजिमा या जोडीची ‘लोन वुल्फ अँड कब’ ही प्रचंड सामुराई चित्रकथा इंग्रजी भाषांतर होण्याआधीच पाहिली होती. जपानी वाचता येत नसल्याने ती फक्त चित्रांवरून समजून घ्यावी लागली, आणि त्याचा फायदाच झाला: शब्दांवाचून पानेच्या पाने कथा पुढे नेता येते हे त्यांना तिथे दिसले. ‘डेअरडेव्हिल’मध्ये ‘द हँड’ ही निन्जांची गुप्त टोळी आली ती याच वेडातून. त्या टोळीची टर उडवण्यासाठी १९८४ मध्ये दोन हौशी चित्रकारांनी ‘टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्स’मध्ये ‘फूट’ नावाची टोळी आणली. हाताला पाय! त्या विनोदाने पुढे मूळ टोळीपेक्षा कितीतरी जास्त पैसे कमावले.

‘इलेक्ट्रा: असॅसिन’ छापता आले याची कारणे चित्रकलेइतकीच बाजारात आहेत. अमेरिकेत १९५४ पासून ‘कॉमिक्स कोड’ नावाची स्वयंनियंत्रणाची व्यवस्था होती. वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकल्या जाणाऱ्या कॉमिकवर तिचा शिक्का लागे, आणि हिंसा, कामुकता, सत्ताधाऱ्यांची टवाळी यांवर तिची कात्री चाले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात फक्त कॉमिक विकणारी दुकाने वाढली. ती प्रकाशकाकडून थेट, परत न करण्याच्या बोलीवर माल उचलत. तिथे येणारे गिऱ्हाईक वयाने मोठे होते, चार पैसे जास्त मोजायला तयार होते आणि शिक्क्याची त्याला गरज नव्हती. आर्ची गुडविन यांच्या संपादनाखाली १९८२ मध्ये सुरू झालेली ‘एपिक’ ही शाखा मार्व्हलने याच गिऱ्हाइकासाठी काढली. ‘इलेक्ट्रा: असॅसिन’चे संपादन जो डफी यांनी केले.

दुसरा फरक छपाईचा. नेहमीच्या कॉमिकमध्ये चित्रकार शाईने काळ्या रेषा काढी. रंग ठरवणारा वेगळा, आणि वर्तमानपत्री कागदावर मोजकेच सपाट रंग ठिपक्यांनी छापले जात. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ मराठीतून वाचलेल्यांना ते रंग आठवतील: जांभळा म्हणजे सगळीकडे एकच जांभळा. ‘इलेक्ट्रा: असॅसिन’ची पाने मात्र पूर्ण रंगवलेली चित्रे होती. त्यांचे छायाचित्र घेऊन, चार रंगांत पृथक्करण करून ती चांगल्या कागदावर छापली गेली. त्यामुळे जलरंगाचा ओघळ, एअरब्रशची धूसर झाक, मेणखडूचा खरखरीतपणा हे सगळे वाचकापर्यंत पोचले. हे तंत्र युरोपात रुळलेले होते. अमेरिकेतल्या महिन्याच्या महिन्याला निघणाऱ्या कॉमिकला ते परवडणारे नव्हते.

कथानक थोडक्यात सांगणे अवघड आहे, कारण पुस्तक ते सरळ सांगतच नाही. काळ इलेक्ट्राच्या मृत्यूपूर्वीचा, म्हणजे ती न्यूयॉर्कला परतण्याआधीचा. पहिल्या अंकात ती सॅन कॉन्सेप्सिऑन या दक्षिण अमेरिकेतल्या काल्पनिक देशात, वेड्यांच्या इस्पितळातल्या कोठडीत पडलेली आहे. औषधांनी डोके सुन्न झालेले. आपण कोण, इथे कशा आलो, हे ती आठवू पाहते. आईचा मृत्यू, वडील, गुरू, ‘हँड’ टोळी आणि त्या टोळीचा देव असलेला ‘बीस्ट’ नावाचा राक्षस, अशा आठवणी तुकड्यातुकड्यांनी वर येतात. दुसऱ्या अंकापासून जॉन गॅरेट येतो. तो ‘शील्ड’ या गुप्तहेर संस्थेचा माणूस. अर्धा हाडामांसाचा, अर्धा यंत्राचा, उद्धट, स्त्रीलंपट आणि खुनाला सरावलेला. त्या देशाच्या अध्यक्षाच्या खुनाचा तपास करता करता तो इलेक्ट्राच्या मागे लागतो. दुसऱ्याच्या मनात शिरण्याची विद्या तिला अवगत आहे आणि ती गॅरेटच्या मनाचा ताबा घेते. यापुढे तो तिचा पाठलाग करतो आहे की तिची चाकरी, हे त्यालाच कळेनासे होते. दरम्यान अमेरिकेत केन विंड नावाचा तरुण, देखणा, सगळ्यांचा लाडका उमेदवार अध्यक्षपदासाठी उभा आहे. ‘बीस्ट’ने त्याला आतून पोखरले आहे, आणि तो निवडून आला तर अणुयुद्ध ठरलेले. हे ठाऊक असलेली एकटी इलेक्ट्राच. शेवटी गॅरेटचे मन विंडच्या शरीरात जाते आणि सभ्य चेहऱ्याआड एक दांडगट, अर्धवट माणूस देशाचा अध्यक्ष होतो. जग वाचते, पण कोणाच्या हातात पडते ते पाहून हसावे की रडावे कळत नाही.

ही गोष्ट अध्यक्ष रीगन यांच्या दुसऱ्या कारकिर्दीतली आहे. शीतयुद्ध संपलेले नव्हते, मध्य अमेरिकेत अमेरिकेच्या पैशावर छुप्या लढाया चालल्या होत्या, आणि १९८६ च्या नोव्हेंबरातच इराण-काँट्रा प्रकरण बाहेर आले. गुप्तहेर संस्था हा कारकुनी वेडेपणा आहे आणि निवडणूक हा जाहिरातीचा धंदा, अशी मिलर यांची टवाळी त्या हवेत अजिबात अतिशयोक्त वाटत नव्हती.

गोष्ट सांगायचे काम मात्र चित्रे करतात. सिन्केविच यांचा जन्म १९५८ चा. सुरुवातीला त्यांची रेषा नील अ‍ॅडम्स यांच्या वास्तववादी शैलीच्या इतकी जवळ होती की त्यांना नक्कल करणारा म्हटले जाई. १९८४ मध्ये ‘न्यू म्युटंट्स’ या मालिकेत त्यांनी ती वाट सोडली. राल्फ स्टेडमन यांचे शाईचे फटकारे, क्लिम्टची नक्षी, शीलेच्या पिळवटलेल्या आकृत्या, जाहिरातींतली चित्रे, हे सगळे कॉमिकच्या चौकटीत येऊ लागले. ‘इलेक्ट्रा’मध्ये त्यांनी उरलासुरला संकोचही टाकला. एकाच पानावर जलरंग, तैलरंगासारखा जाड लेप, फोटोवरून केलेले काम, कोलाज आणि झेरॉक्स यंत्रातून काढलेल्या प्रती एकमेकांना खेटून बसतात.

हा प्रकार निव्वळ हौसेचा असता तर दोन अंकांत कंटाळा आला असता. इथे शैली बदलते ती पाहणाऱ्याचे मन बदलले म्हणून. पहिल्या अंकात इलेक्ट्राला बालपण आठवते तेव्हा चित्रे लहान मुलाने मेणखडूने काढल्यासारखी होतात: बेढब माणसे, भडक रंग. आठवण मोठ्या वयाकडे सरकते तशी रेषा सावरते, शरीरांना घाट येतो. कोठडीत परतताच रंग घाण पाण्यासारखे गढूळ होतात. सोबतचा मजकूर लहान लहान चौकटींत विखुरलेला, दोन-तीन शब्दांची वाक्ये, मध्येच तुटलेली. कुठली आठवण खरी आणि कुठली डॉक्टरांनी किंवा राक्षसाने पेरलेली, याचा निवाडा लेखक करीत नाही. वाचकाला चित्राच्या पोतावरून अंदाज बांधावा लागतो.

सर्वांत लक्षात राहणारी युक्ती केन विंडची. त्याचा हसरा चेहरा सिन्केविच यांनी एकदाच केला आणि त्याच्या प्रती काढून चौकटीचौकटीत चिकटवल्या. तो भाषण करो, गाडीतून उतरो, कुणाला धमकी देवो, हसू तेच. दातांची रांग तीच, डोक्याचा कोन तोच. भोवतालची माणसे रंगांत घुसळून निघत असतात आणि मधोमध हा झेरॉक्स केलेला गोड चेहरा ढिम्म. निवडणुकीच्या दिवसांत चौकाचौकांत लागणाऱ्या फलकांवरचे नेते पाहिलेल्या माणसाला यावर वेगळे भाष्य नको. राक्षस रंगवायचा म्हणून शिंगे काढण्यापेक्षा हे कितीतरी भीतिदायक आहे, आणि अतिशय स्वस्तात साधलेले.

इलेक्ट्राच्या बाबतीत नेमके उलट घडते. तिचा चेहरा दोन पानांवर सारखा नसतो. कधी फॅशनच्या मासिकातली मॉडेल, कधी नुसते काळे केस आणि लाल ओठ, कधी सावली. दुसऱ्या अंकापासून ती फारशी बोलतही नाही. तिच्याविषयी जे कळते ते गॅरेटच्या तोंडून, ‘शील्ड’च्या कोरड्या सरकारी अहवालांतून. म्हणजे नाव तिचे, पण मजकुराचा मोठा वाटा तिच्याकडे बघणाऱ्यांचा. पुस्तकाचे खरे बळ इथे आहे. जगातली सर्वांत धोकादायक बाई कशी दिसते, हे बघणाऱ्याची भीती आणि वासना ठरवतात. ती स्वतः पकडीत सापडतच नाही.

लेखक आणि चित्रकाराची कामाची पद्धतही नेहमीची नव्हती. मार्व्हलमध्ये सहसा लेखक कथेचा आराखडा देई, चित्रकार पाने काढी, मग लेखक संवाद भरी. मिलर यांनी इथे संपूर्ण संहिता लिहून दिली. सिन्केविच यांनी ती वाचून भलतेच काही रंगवले, आणि पाने पाहिल्यावर मिलर यांनी संवाद नव्याने लिहिले. चित्रातली अतिशयोक्ती पाहून मजकूर आणखी तिरकस झाला, तो पाहून पुढच्या अंकातली चित्रे अधिक मोकाट झाली. दोघांची ही पहिली भेट नव्हती. १९८६ मध्येच ‘डेअरडेव्हिल: लव्ह अँड वॉर’ हे त्यांचे पुस्तक आले होते. पण तिथे मिलर यांची पकड घट्ट होती. इथे लगाम कोणाच्या हातात आहे हे ओळखू येत नाही.

दोष नाहीत असे नाही. मधले अंक लांबतात. गॅरेटची फुशारकी सुरुवातीला करमणूक करते, मग तीच ती वाटते. यंत्रमानव, स्फोट आणि पाठलाग यांची इतकी गर्दी होते की इलेक्ट्राच्या आठवणींचा पहिल्या अंकातला धागा हातातून सुटतो. दक्षिण अमेरिकेतला देश म्हणजे घाण, भ्रष्टाचार आणि वेडेपणा यांचे पोते. टवाळी अमेरिकेची असली तरी तिथल्या माणसांना चेहरे मिळत नाहीत. स्त्रियांच्या चित्रणाबद्दल वाद आजही होतो. पुरुषाच्या नजरेची खिल्ली उडवता उडवता पुस्तक त्या नजरेची भूकही भागवते, हा आक्षेप सहज झटकता येण्यासारखा नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला तर कोण बोलते आहे हेच पुष्कळदा उमगत नाही, आणि काही ठिकाणी तो दोष वाचकाचा नसून पुस्तकाचा आहे.

ज्या वर्षी हे अंक निघू लागले ते वर्षही त्यांच्या वाट्याला आलेल्या काहीशा दुय्यम प्रसिद्धीचे कारण आहे. १९८६ मध्ये मिलर यांचेच ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आले, अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचे ‘वॉचमेन’ सुरू झाले, आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’चा पहिला खंड निघाला. कॉमिक हे प्रौढांचे वाङ्मय होऊ शकते, हे सांगताना वर्तमानपत्रे हीच तीन नावे घेत आली. ‘इलेक्ट्रा’ त्या यादीत क्वचितच दिसते. ती तीन पुस्तके कठीण असली तरी रचनेने नेटकी आहेत, त्यांच्यावर लेख लिहिता येतो, अभ्यासक्रमात लावता येतात. हे पुस्तक कुठल्याही कोपऱ्यात नीट बसत नाही.

पात्राच्या मालकीचा प्रश्न यानंतर चिघळला. ‘एपिक’च्या बऱ्याच पुस्तकांचे हक्क निर्मात्यांकडे राहत, पण इलेक्ट्रा मूळची ‘डेअरडेव्हिल’मधली, म्हणून ती मार्व्हलची. मिलर यांनी १९९० मध्ये ‘इलेक्ट्रा लिव्हज अगेन’ हे आणखी एक पुस्तक केले. त्याची चित्रे त्यांची स्वतःची आणि रंग लिन व्हार्ली यांचे. आपल्याखेरीज कोणी इलेक्ट्राला हात लावू नये अशी त्यांची इच्छा होती. कंपनीने काही वर्षे ती पाळली आणि १९९३ मध्ये ‘फॉल फ्रॉम ग्रेस’ या ‘डेअरडेव्हिल’मधल्या कथेत दुसऱ्या लेखकाकरवी तिला परत आणले. मिलर यांना ते रुचले नाही. कायद्याने कंपनीचे काही चुकले नव्हते. अमेरिकन कॉमिकच्या धंद्यात पात्र घडवणाऱ्याचे आणि पात्राच्या मालकाचे हित किती वेगळे असते, याचे हे ठळक उदाहरण म्हणून सांगितले जाते.

पडद्यावर इलेक्ट्रा आली ती सौम्य होऊन. २००३ च्या ‘डेअरडेव्हिल’मध्ये आणि २००५ च्या ‘इलेक्ट्रा’ या चित्रपटात जेनिफर गार्नर यांनी तिची भूमिका केली. दुसरा चित्रपट सपशेल आपटला. २०१६ मध्ये नेटफ्लिक्सच्या ‘डेअरडेव्हिल’ मालिकेच्या दुसऱ्या पर्वात एलोडी युंग यांनी साकारलेली इलेक्ट्रा मूळच्या जास्त जवळची होती. तिला खून करताना मजा वाटते हे तिथे लपवलेले नाही. जॉन गॅरेटही दूरचित्रवाणीवर पोचला. ‘एजंट्स ऑफ शील्ड’ या मालिकेत २०१४ मध्ये बिल पॅक्स्टन यांनी त्याचे काम केले.

सिन्केविच यांनी पुढे १९८८ मध्ये ‘स्ट्रे टोस्टर्स’ हे पुस्तक स्वतःच लिहून रंगवले आणि ते ‘इलेक्ट्रा’हूनही दुर्बोध निघाले. त्यांनी उघडलेल्या दारातून मात्र बरेच जण आत आले. डेव्ह मकीन यांनी १९८९ मध्ये ‘आर्कम असायलम’ हे बॅटमनचे पुस्तक पूर्णपणे रंगचित्रे, छायाचित्रे आणि कोलाज यांतून उभे केले. कथेचे स्थळ पुन्हा वेड्यांचे इस्पितळच. डेव्हिड मॅक यांनी १९९४ मध्ये ‘काबुकी’ ही मालिका सुरू केली. तिची नायिका जपानमधल्या एका गुप्त संस्थेची मुखवटा घातलेली मारेकरी आहे. सुरुवातीचे भाग काळ्या-पांढऱ्या रेषांचे आहेत, पण पुढे मॅकही जलरंग आणि कोलाजकडे वळले, आणि हाणामारी मागे पडत जाऊन मालिकेचा मोठा भाग नायिकेच्या आठवणींना मिळाला.